यूसुफ मेहेरअली : राज्य बदलले, व्यवस्था बदलली का?

२३ सप्टेंबर १९०३ रोजी मुंबईतील एका सधन मुस्लिम व्यापारी घराण्यात यूसुफ मेहेरअली यांचा जन्म झाला. घरची सुबत्ता दूर सारून त्यांनी तुरुंगवास पत्करला. १९२८ साली सायमन कमिशनला परत पाठवणारी घोषणा त्यांची. १९४२ची चले जाव ही घोषणाही त्यांचीच. त्याच वर्षी ते मुंबईचे महापौर झाले.

मात्र परकी सत्ता गेली आणि श्रमिकांचे शोषण तसेच राहिले, तर ते स्वातंत्र्य अपुरे, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्षाच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. २ जुलै १९५० रोजी, अवघ्या ४६व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

घाटकोपर-मुलुंडहून कोकणात जाताना पनवेल, कर्नाळा ओलांडल्यावर तारा गाव लागते. १९६१ साली त्यांच्या नावे स्थापन झालेल्या केंद्राचे तेल, साबण, मातीची भांडी असे ग्रामोद्योग तेथे चालतात. गावचा माल, गावचे हात आणि मिळकतही गावातच.

संपत्ती केवळ धनवंतांतच फिरत राहू नये, ही कुरआनची शिकवण आपण जाणतो. आपल्या घरखर्चाचा पैसा कोणाच्या हाती जातो, याचाही हिशेब आपल्याला द्यावयाचा आहे.