सम्राज्ञी मटिल्डा

बाराव्या शतकात एखाद्या स्त्रीने राज्य करावे, ही कल्पनाच इंग्लंडच्या सरदारांना रुचत नसे. अशा काळात आपल्या हक्कासाठी जी राजकन्या वर्षानुवर्षे झगडली, तिचे नाव मटिल्डा.

राजा पहिला हेन्री याची ही कन्या इ. स. ११०२ मध्ये जन्मली. वयाच्या आठव्या वर्षीच तिची पाठवणी दूर जर्मनीत झाली. १११४ साली तेथील सम्राटाशी तिचा विवाह होऊन ती सम्राज्ञी झाली. राजकारभाराचे पहिले धडे तिने तेथेच घेतले.

इकडे ११२० साली इंग्लंडच्या राजघराण्यावर घोर संकट कोसळले. राजाचा एकुलता एक औरस पुत्र विल्यम जहाज बुडून मरण पावला. पाच वर्षांनी मटिल्डाला वैधव्य आले. राजाने तिला परत बोलावून घेतले व ११२७ मध्ये सरदारांकडून शपथ घेवविली, की आपल्यामागे त्यांनी तिलाच राणी मानावे. शपथ घेणाऱ्यांत राजाचा भाचा स्टीफन हाही होता. पुढल्या वर्षी फ्रान्समधील आंजूच्या जेफ्रीशी तिचा पुनर्विवाह झाला.

११३५ साली हेन्री राजा वारला, तेव्हा मटिल्डा फ्रान्समध्ये होती. ही संधी साधून स्टीफनने त्वरेने इंग्लंड गाठले व राजमुकुट धारण केला. बहुतेक सरदार आपली शपथ विसरले. परंतु मटिल्डा खचली नाही. ११३९ मध्ये आपला सावत्र भाऊ रॉबर्ट याच्यासह ती इंग्लंडात उतरली. फेब्रुवारी ११४१ मध्ये लिंकनच्या लढाईत स्टीफन कैद झाला. सिंहासन आता हाकेच्या अंतरावर आले!

परंतु विजयाबरोबर गर्वही आला. लंडनच्या नागरिकांकडे तिने मोठी रक्कम मागितली आणि त्यांच्या विनवण्या झिडकारल्या. स्टीफनच्या राणीचे नावही मटिल्डाच होते. तिची विनंतीही सम्राज्ञीने धुडकावली. ती शूर राणी सैन्य घेऊन लंडनवर चालून आली. संतप्त नागरिक घंटानाद करीत शस्त्रे घेऊन बाहेर पडले आणि राज्याभिषेकापूर्वीच सम्राज्ञीला पळ काढावा लागला. पुढे रॉबर्ट शत्रूच्या हाती सापडला. त्याच्या सुटकेसाठी तिला स्टीफनला मुक्त करावे लागले.

११४२ मध्ये स्टीफनने ऑक्सफर्डचा किल्ला वेढला. आतील अन्नधान्य संपत आले. तेव्हा एका रात्री शुभ्र वस्त्रे पांघरून, मोजक्या सोबत्यांसह मटिल्डा किल्ल्याबाहेर पडली. चोहीकडे बर्फ पसरले होते. त्या शुभ्रतेत ती पहारेकऱ्यांच्या दृष्टीस पडली नाही. गोठलेली नदी पायीच ओलांडून ती निसटली.

युद्ध रेंगाळत राहिले. गावे उजाड झाली आणि सामान्य रयत अन्नाला मोताद झाली. ११४८ मध्ये मटिल्डा नॉर्मंडीस परतली. स्वतःसाठी मुकुटाची आशा तिने सोडली. पण पुत्र हेन्रीचा हक्क मात्र सोडला नाही. अखेर ११५३ मध्ये तह होऊन स्टीफनने हेन्रीला वारस मानले. ११५४ साली हेन्री राजा झाला.

उतारवयात मटिल्डाचा स्वभाव निवळला. पुत्राला ती शहाणपणाचा सल्ला देई. ११६७ मध्ये ती निवर्तली. गर्वाने हातचे गेलेले राज्य तिने चिकाटीने पुत्राला मिळवून दिले.