डॉ. कमला सोहोनी

विदुषी दुर्गाबाई भागवत यांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई. त्यांचे वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. त्यामुळे या शास्त्राची गोडी त्यांना घरातच लागली. मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन करून १९३३ साली त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. परंतु केवळ स्त्री म्हणून संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तो नाकारला. कमलाबाई डगमगल्या नाहीत. एक वर्ष काम पारखून घेण्याची अट त्यांनी पत्करली आणि ती यशस्वीपणे पार पाडली. पुढे त्या संस्थेत इतर स्त्रियांनाही प्रवेश मिळू लागला.

नंतर केंब्रिज येथे बटाट्यावर संशोधन करून, वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य असते, असे त्यांनी दाखवून दिले. पेशीचे श्वसन याच द्रव्याच्या साहाय्याने चालते. या कार्याबद्दल १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्राण्यांच्या पेशींत हेच द्रव्य पेशीच्या मृत्यूलाही चालना देते, हे १९९६ साली उघडकीस आले. म्हणून वार्धक्य का येते, याचा शोध घेणारे शास्त्रज्ञही आज त्याचा अभ्यास करतात.

स्वदेशी परतल्यावर कमलाबाईंनी नीरेतील पोषक द्रव्यांचे संशोधन केले. गोरगरिबांच्या आहाराशी निगडित असलेल्या या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक लाभले. १९९८ साली त्यांचे निधन झाले. अन्यायाला त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे त्यांचे अविरत कार्य होय.