तुळशीची माळ तोडली नाही, पण ख्रिस्ती गाणी आयुष्यभर ऐकली : गांधीजींची ही गोष्ट माहितीये का?

2022 सालची गोष्ट. 29 जानेवारीला दिल्लीत होणाऱ्या बीटिंग रिट्रीटच्या कार्यक्रमातून 'अबाइड विथ मी' ही धून वगळली आणि त्या जागी 'ऐ मेरे वतन के लोगों' आलं. सोशल मीडियावर दोन्ही बाजूंनी राडा झाला. त्यात एक वाक्य सारखं समोर येत होतं, की हे गांधीजींचं आवडतं गाणं होतं.

मग प्रश्न पडतो, स्वतःला ठामपणे हिंदू म्हणवणाऱ्या माणसाला चर्चमधली गाणी एवढी का आवडायची?

खरं तर सुरुवात नावडीपासून झाली. गांधीजी राजकोटच्या शाळेत होते तेव्हा शाळेजवळच्या कोपऱ्यावर मिशनरी उभे राहून हिंदू देवांना नावं ठेवायचे. त्यामुळे लहान मोहनच्या मनात ख्रिस्ती धर्माबद्दल अढी बसली. पुढे लंडनला शिकायला गेल्यावर त्यांनी बायबलचा नवा करार वाचला. त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन त्यांना थेट भिडलं आणि अढी सुटायला लागली.

1893 मध्ये ते एका खटल्यासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले. प्रिटोरियात त्यांचे बरेच मित्र ख्रिस्ती होते. ते गांधीजींना प्रार्थनेला न्यायचे, पुस्तकं द्यायचे. गांधीजी ख्रिस्ती होतील अशी त्यांना मनापासून आशा होती. त्यातलेच एक होते कोट्स. गांधीजींच्या गळ्यात आईने दिलेली तुळशीची माळ होती. कोट्स यांना ती अंधश्रद्धा वाटली आणि आपणच ती तोडून टाकतो असं ते म्हणाले. गांधीजींनी साफ नकार दिला. माळेत काही चमत्कार आहे असं त्यांना वाटत नव्हतं, पण आईने प्रेमाने घातलेली माळ दुसऱ्याच्या सांगण्यावरून तोडायची नाही, एवढं पक्कं होतं. ती आपोआप तुटली तर नवी घालणार नाही, असंही त्यांनी ठरवलं होतं.

म्हणजे बघा, मैत्री ठेवली, प्रार्थनेला गेले, पुस्तकं वाचली, पण धर्म बदलला नाही.

जखमी गांधीजी आणि दारात उभी मुलगी

10 फेब्रुवारी 1908, जोहान्सबर्ग. सरकारशी झालेल्या समझोत्यानुसार गांधीजी स्वतःहून नाव नोंदवायला निघाले होते. हा समझोता म्हणजे फितुरी आहे असं वाटलेल्या मीर आलम आणि त्याच्या साथीदारांनी त्यांना रस्त्यातच बेदम मारलं.

जोसेफ डोक नावाचे बाप्टिस्ट पाद्री त्यांना स्वतःच्या घरी घेऊन गेले. ओठाला आणि गालाला टाके पडले, बोलायला डॉक्टरांनी बंदी केली. त्या अवस्थेत गांधीजींनी डोक यांना एक इच्छा कळवली. त्यांना 'लीड काइंडली लाइट' ऐकायचं होतं. जॉन हेन्री न्यूमन यांनी 1833 मध्ये लिहिलेलं हे गाणं, अंधारात वाट दाखव अशी विनवणी करणारं. डोक यांची लहान मुलगी ऑलिव्ह दारात उभी राहिली आणि हळू आवाजात गायली. हा प्रसंग गांधीजी कधीच विसरले नाहीत. आणि हो, हल्लेखोरांवर खटला भरू नये, असंही त्यांनी कळवलं होतं.

आश्रमात सगळीच गाणी

पुढे भारतात साबरमती आश्रमात रोजची प्रार्थना सुरू झाली. तिथलं संगीत सांभाळायला आले आपले मराठी पंडित नारायण मोरेश्वर खरे, विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य. त्यांनी जमवलेल्या 'आश्रम भजनावली'त तुकोबांचे अभंग आहेत, मीरेची पदं आहेत आणि इंग्रजी ख्रिस्ती गीतंही आहेत. 'लीड काइंडली लाइट' तर नरसिंहराव दिवेटियांनी गुजरातीत आणलं.

1930 मध्ये येरवडा तुरुंगात असताना गांधीजींनी याच्या उलट काम केलं. मीराबेनसाठी त्यांनी आश्रमातली भजनं इंग्रजीत उतरवली.

1924 ला हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी त्यांनी दिल्लीत 21 दिवसांचा उपवास केला. तो सुटताना इमाम साहेबांनी कुराणातला भाग म्हटला, विनोबांनी उपनिषद म्हटलं आणि चार्ली अँड्रूज यांनी ख्रिस्ती गीत गायलं.

याची किंमतही मोजावी लागली

ख्रिस्ती मित्रांना वाटायचं, हा माणूस इतका जवळ येतो, मग एक पाऊल पुढे का टाकत नाही? तर काही हिंदूंचा आरोप होता की गांधी आतून ख्रिस्तीच आहेत. 1947 मध्ये दिल्लीतल्या प्रार्थनासभेत कुराणातल्या ओळींना विरोध झाला. गांधीजींनी प्रार्थनाच थांबवली, पण त्या ओळी वगळून पुढे जायला ते तयार झाले नाहीत. 30 जानेवारी 1948 ला त्यांची हत्या झाली, तेव्हाही ते प्रार्थनेलाच निघाले होते.

त्यांच्या लेखी हिशेब सोपा होता. गाणं मनाला भिडलं तर ऐकायचं, गायचं. त्यासाठी गाणाऱ्याचा धर्म घ्यावा लागत नाही आणि आपला सोडावाही लागत नाही.

त्यामुळे डिसेंबरमध्ये शेजारच्या चर्चमधून कॅरल ऐकू आली आणि पाय थबकले, तर बिनधास्त थांबा. गळ्यात तुळशीची माळ असली तरी चालतंय.