कै. खाशाबा जाधव

स्मरणिकेत थोर स्त्रियांची चरित्रे नेहमीच येतात. यंदा मी एका मल्लाचे चरित्र सांगत आहे, याचे काही भगिनींना नवल वाटेल. आपल्या धाराशिव जिल्ह्यात गावोगावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड असतो, पण आपण बायका त्यापासून दूरच राहत आलो. म्हणून हा अल्प परिचय.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील पैलवान, त्यामुळे कुस्तीचे धडे घरीच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कुलातून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. अंगलट लहान, पण चपळाई विलक्षण!

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तांबड्या मातीत वाढलेल्या या मल्लाला तेथे गादीवर खेळावे लागले. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला.

१९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैशांची अडचण पडली. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. घर गहाण पडणे म्हणजे काय, हे संसार करणाऱ्या बाईला सांगावे लागत नाही. खाशाबांनी त्या विश्वासाचे चीज केले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरवून त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळायला १९९६ साल उजाडावे लागले! परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे कुस्त्यांची मैदाने भरवून खाशाबांनी गुरुजनांचे घर सोडविण्यास हातभार लावला.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले व साहाय्यक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी.

पुढे २०१६ साली साक्षी मलिक यांनी कुस्तीतच कांस्यपदक मिळविले, तर आपल्या जिल्ह्याच्या सारिका काळे यांना २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार लाभला. तेव्हा मुलींना मैदान वर्ज्य नाही, हे सिद्ध झालेच आहे. उद्या आपल्या गल्लीतील एखादी मुलगी प्रवासखर्चावाचून अडली, तर मंडळाच्या शिलकीतून तिला तिकीट काढून द्यावे, अशी माझी सर्व भगिनींना आग्रहाची विनंती आहे. खाशाबांचे स्मरण याहून चांगले दुसरे कोणते?