विल्यम बोमाँट

विल्यम बोमाँट (२१ नोव्हेंबर १७८५ – २५ एप्रिल १८५३) हे अमेरिकेच्या सैन्यातील शल्यचिकित्सक होते. जठररस मांसावर कशी क्रिया करतो, हे त्यांनी जिवंत माणसाच्या जठरात प्रत्यक्ष पाहून नोंदवले.

पूर्वायुष्य

बोमाँट यांचा जन्म कनेक्टिकटमधील लेबनन येथे शेतकरी कुटुंबात झाला. काही वर्षे त्यांनी शाळामास्तरकी केली. वैद्यकीय महाविद्यालयात न जाता व्हरमाँटमधील एका डॉक्टरांच्या हाताखाली ते वैद्यक शिकले. १८१२ मध्ये त्यांना व्यवसायाचा परवाना मिळाला आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या युद्धात ते सैन्यात दाखल झाले.

अपघात

६ जून १८२२ रोजी मॅकिनॉ बेटावरील फर कंपनीच्या दुकानात चुकून बंदूक उडाली. अॅलेक्सिस सेंट मार्टिन या कॅनडाच्या तरुण मजुराच्या फासळ्या, फुप्फुस आणि जठर यांना इजा झाली. तो वाचेल असे बोमाँट यांनाही वाटले नव्हते. तो वाचला, पण जखम पूर्णपणे मिटली नाही. पोटाच्या डाव्या बाजूस थेट जठरात उघडणारे छिद्र कायमचे राहिले. कालांतराने आतील त्वचेची एक घडी झडपेप्रमाणे त्यावर आली. ती बोटाने सारली की आतले दिसे.

प्रयोग

अन्न जठरात दळले जाते, कुजते की विरघळते, याविषयी तेव्हा वाद होता. १ ऑगस्ट १८२५ रोजी बोमाँट यांनी मसालेदार शिजवलेले गोमांस, कच्चे खारवलेले गोमांस, उकडलेले गोमांस, डुकराचे मांस, पाव आणि कोबी यांचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून छिद्रातून आत सोडले. तासाभराने पाव व कोबी निम्मे विरघळले होते, मांस मात्र जवळजवळ तसेच होते. दोन तासांनी उकडलेले गोमांस नाहीसे झाले; कच्च्याला फारसे काही झाले नव्हते.

काही दिवसांनी केलेला प्रयोग अधिक महत्त्वाचा आहे. उकडलेल्या खारवलेल्या गोमांसाचा एक तुकडा जठरात आणि तेवढाच दुसरा बाहेर काढलेल्या जठररसात, कुपीत १०० अंश फॅरनहाइट तापमानावर ठेवला. आतला दोन तासांत विरघळला, कुपीतल्याला सुमारे दहा तास लागले. म्हणजे पचन ही रासायनिक क्रिया असून ती देहाबाहेरही घडते. जठराच्या हालचालीने आणि ताज्या रसाच्या पुरवठ्याने तिला वेग येतो.

रसात हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याची खात्री रसायनतज्ज्ञांकडून करून घेण्यात आली. नुसत्या आम्लाने हे काम होत नाही, आणखी एखादे द्रव्य असावे, असा बोमाँट यांचा तर्क होता. १८३६ मध्ये थिओडोर श्वान यांनी पेप्सीन शोधले, तेव्हा तो खरा ठरला. आम्लामुळे मांसातील प्रथिनांची गुंडाळी उलगडते. पेप्सीन आम्लातच क्रियाशील होते आणि त्या प्रथिनांचे तुकडे करते. चरबीवर मात्र त्याचा परिणाम होत नाही.

ग्रंथ

जठररसावरील त्यांचा ग्रंथ १८३३ मध्ये प्लॅट्सबर्ग येथे प्रसिद्ध झाला. त्यातील कोष्टकात भाजलेल्या गोमांसाला ३ तास, तळलेल्याला ४ तास आणि भाजलेल्या डुकराच्या मांसाला ५ तास १५ मिनिटे दिली आहेत. भाताला १ तास. हे आकडे एकाच, तेही जायबंदी, माणसावरचे आहेत हे वाचकाने विसरू नये. राग आल्यास पचन बिघडते, ही नोंदही त्यात आहे.

सेंट मार्टिन

बोमाँट यांच्या थोरवीला येथे गालबोट लागते. निराधार ठरलेल्या सेंट मार्टिनला त्यांनी घरी आणून सांभाळले हे खरे. पण त्याच्याकडून घरकामही करून घेतले आणि प्रयोगांत होणाऱ्या वेदना त्यानेच सोसल्या. १८२५ मध्ये तो न सांगता कॅनडाला निघून गेला. १८२९ मध्ये परतला. १८३२ मध्ये वार्षिक १५० डॉलरचा करार झाला. त्या निरक्षर माणसाने सहीऐवजी खूण केली. १८३४ नंतर तो पुन्हा आला नाही, बोमाँट यांनी वर्षानुवर्षे पत्रे पाठवली तरीही.

बोमाँट पुढे सेंट लुईस येथे स्थायिक झाले. बर्फाळ पायऱ्यांवरून घसरून झालेल्या दुखापतीनंतर त्यांचे निधन झाले. सेंट मार्टिन १८८० पर्यंत जगला. डॉक्टरांना त्याचे शवविच्छेदन करता येऊ नये म्हणून नातेवाइकांनी मृतदेह काही दिवस घरीच ठेवला आणि मग नेहमीपेक्षा खोल खड्डा खणून पुरला.