क्नूट रॉकनी

क्नूट केनेथ रॉकनी (जन्म : ४ मार्च १८८८, व्हॉस, नॉर्वे, मृत्यू : ३१ मार्च १९३१, बझार, कॅन्सस) हे अमेरिकन फुटबॉलचे ख्यातनाम प्रशिक्षक होते. हा खेळ आपल्याकडील फुटबॉलहून भिन्न असून त्यात चेंडू हातात घेऊन धावतात आणि फेकतातही. इंडियाना राज्यातील नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठाच्या संघाचे ते १९१८ ते १९३० या काळात मुख्य प्रशिक्षक होते.

पूर्वायुष्य

बालवयात ते कुटुंबासह शिकागोला आले. काही वर्षे टपाल खात्यात नोकरी करून त्यांनी पैसे साठवले आणि १९१० मध्ये, बाविसाव्या वर्षी, नोटर डेममध्ये प्रवेश घेतला. १९१३ साली बलाढ्य आर्मी संघावर मिळवलेल्या ३५-१३ अशा विजयात चेंडू झेलणारे खेळाडू म्हणून त्यांचे नाव झाले. १९१४ मध्ये पदवी मिळाल्यावर ते तेथेच रसायनशास्त्र शिकवू लागले आणि साहाय्यक प्रशिक्षकही झाले.

प्रशिक्षकपद व वेतनाचा प्रश्न

त्यांच्या कारकिर्दीत संघाने १०५ सामने जिंकले, १२ गमावले व ५ बरोबरीत सोडवले. १९२४, १९२९ व १९३० मध्ये संघ राष्ट्रीय विजेता ठरला. सामन्यांच्या उत्पन्नाने विद्यापीठाची तिजोरी भरू लागली. १९३० मध्ये उघडलेले भव्य क्रीडागार बव्हंशी याच पैशातून उभे राहिले.

विद्यापीठ चालवणारे होली क्रॉस संघाचे धर्मगुरू दारिद्र्यव्रत घेतलेले होते. त्यांना व्यक्तिगत वेतन नसे. अशा संस्थेने खेळाच्या शिक्षकाला बाजारभावाने पैसे द्यावेत का, हा पेच त्यामुळे केवळ हिशेबाचा नव्हता. १९२४ मध्ये रॉकनी यांच्याशी वर्षाला १०,००० डॉलरचा दहा वर्षांचा करार झाला. पुढच्याच वर्षी न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने त्यांना वर्षाला २५,००० डॉलर देऊ केल्याची वृत्ते आली. बातमी अकाली फुटली, रॉकनी यांनी माघार घेतली आणि ते जुन्याच जागी राहिले. जन्माने लूथरन असलेल्या रॉकनी यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला होता.

विद्यापीठाने मोठ्या विद्यापीठाची बोली गाठली नाही, पण बाहेरच्या मिळकतीला आडकाठीही केली नाही. भाषणे, वृत्तपत्रीय लेखन, उन्हाळी प्रशिक्षणवर्ग आणि स्टुडबेकर या मोटार कंपनीच्या विक्रेत्यांपुढील व्याख्याने यांतून रॉकनी यांनी भरपूर कमावले. ही तडजोड संस्थेच्या व्रताला सोयीची खरी, परंतु तिचा भार त्यांच्या प्रकृतीवर पडला असावा. १९२९ च्या हंगामात पायातील शिरांच्या विकारामुळे त्यांना चाकांच्या खुर्चीतून मार्गदर्शन करावे लागले. त्याच वर्षी कार्नेगी प्रतिष्ठानच्या अहवालाने महाविद्यालयीन खेळांच्या व्यापारीकरणावर कठोर टीका केली.

मृत्यू

एका चित्रपटाच्या कामासाठी लॉस एंजेलिसला जात असताना कॅन्ससमध्ये विमान कोसळून त्यांच्यासह आठही जणांचा अंत झाला. त्या विमानाचे पंख लाकडी होते. या अपघातानंतर अमेरिकेत विमानांच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले. स्टुडबेकर कंपनीने रॉकनी यांच्या नावाची मोटार बाजारात आणली. तिचे उत्पादन १९३३ मध्ये थांबले.