विलायतेची डिग्री नव्हती, तरी भारतातल्या पोरांना दगड वाचायला शिकवलं : प्राध्यापक वाडियांची गोष्ट

लोणावळ्याला लोक कशासाठी जातात? भुशी डॅम, टायगर पॉइंट, गरम भजी आणि येताना चिक्कीचे चार पुडे. पण पाऊस सरला की मावळात आणखी एक मंडळी दिसू लागते. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांमधली जिऑलॉजीची पोरं. पाठीवर सॅक, हातात हातोडी, गळ्यात होकायंत्र आणि चिखल लागलेली वही.

ही मंडळी खंडाळ्याच्या घाटात किंवा भाजे-कार्ल्याच्या कड्याखाली थांबतात. सर विचारतात, समोर काय दिसतंय? पहिल्या वर्षाचं पोरगं लगेच म्हणतं, बेसॉल्ट.

उत्तर बरोबर आहे, पण ते पुस्तकातून आलेलं असतं. डोळ्यांना बेसॉल्ट दिसत नाही. डोळ्यांना दिसतो खाली काळा टणक कातळ, त्याच्यावर भोकाभोकांचा थर, भोकांत पांढरे खडे, त्यावर एक तांबडा पट्टा आणि पुन्हा काळा कातळ. हे आधी वहीत काढायचं, जाडी मोजायची आणि मग प्रश्न विचारायचा. मध्येच तांबडा पट्टा का आला?

उत्तर असं की लाव्हाचा एक लोट आला आणि थिजला. त्यातले वायूचे बुडबुडे वर सरकले, म्हणून भोकं वरच्या बाजूला. मग बराच काळ नवीन लाव्हा आलाच नाही. उघड्यावर पडलेला थर ऊन-पावसानं कुजला, त्यावर धूळ-राख साचली. मग पुढचा लोट आला आणि त्यानं हे सगळं झाकून टाकलं. म्हणजे तांबडा पट्टा हा दोन लोटांमध्ये गेलेल्या काळाचा पुरावा.

बघा, मोजा, प्रश्न विचारा आणि मगच निष्कर्ष काढा. आज ही पद्धत साधी वाटते. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी भारतात जिऑलॉजी शिकणाऱ्या पोराला अशी संधी क्वचितच मिळायची. ती मिळवून देणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय शिक्षकांमधलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे दाराशा नौशेरवान वाडिया.

स्टेशन मास्तरचा मुलगा

वाडियांचा जन्म ऑक्टोबर १८८३ मध्ये सुरतेला एका पारशी कुटुंबात झाला. घराणं जहाजं बांधणाऱ्यांचं, वाडिया हे आडनावच त्या धंद्यावरून पडलेलं. पण वडिलांच्या वेळेपर्यंत जहाजांचा जमाना मागे पडला होता. वडील रेल्वेत स्टेशन मास्तर होते.

पोरगं शिकायला बडोद्याला गेलं आणि तिथं त्याचं नशीब उघडलं. बडोदा म्हणजे सयाजीराव गायकवाडांचं संस्थान. नाशिकजवळच्या कवळाण्यातून दत्तक गेलेल्या या राजानं शाळा, कॉलेज, ग्रंथालयं, म्युझियम यांच्यावर हात सैल सोडून खर्च केला होता. बडोदा कॉलेजमध्ये आदरजी मसाणी नावाचे प्राध्यापक नैसर्गिक विज्ञान शिकवायचे. निसर्गाकडं बघायची ओढ त्यांनी वाडियांना लावली. १९०३ मध्ये वाडिया बी.एस्सी. झाले, १९०६ मध्ये एम.ए.

जिऑलॉजी हा विषय तेव्हा कॉलेजात नवीनच होता. ना अनुभवी शिक्षकांची फौज, ना सुसज्ज प्रयोगशाळा. वाडियांनी बडोद्याच्या म्युझियममधले दगड आणि जीवाश्म बघत बघत बराचसा विषय स्वतःच उभा केला. पुढं शिक्षक झाल्यावर त्यांनी जे केलं त्याचं मूळ इथं आहे. दगड हातात घेऊन शिकता येतं, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं.

जम्मूचा वर्ग

१९०७ मध्ये वाडियांना नोकरी लागली ती थेट जम्मूला, प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजमध्ये. आज ते गांधी मेमोरियल सायन्स कॉलेज म्हणून ओळखलं जातं. वय जेमतेम तेवीस-चोवीस. घरापासून शेकडो मैल दूर, हाताशी मोठी ग्रंथालयं नाहीत, बोलायला दुसरा भूशास्त्रज्ञ नाही.

पण कॉलेजच्या दारातच हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्या होत्या. वाडियांनी त्यांचाच वर्ग केला. सुट्ट्या लागल्या की ते डोंगरांत जायचे, पोरांनाही टेकड्यांवर न्यायचे.

शिवालिकचे थर वाळू, गाळ आणि गोट्यांचे आहेत. हिमालय वर येत असताना नद्यांनी हा माल वाहून आणला आणि पायथ्याशी टाकला. त्या गाळात तेव्हाचे प्राणीही गाडले गेले. इथंच वाडियांना स्टेगोडॉन गणेश नावाच्या नामशेष हत्तीचे अवशेष मिळाले, लांबलचक सुळ्यासकट.

विचार करा, वर्गात शिवालिकचे थर नदीने आणले असं फळ्यावर लिहून देणं वेगळं आणि त्याच थरातून हत्तीचा सुळा बाहेर येताना बघणं वेगळं. इथं हत्ती होता, म्हणजे त्याला पोसणारा चारा होता, पाणी होतं, हवा आजच्यापेक्षा वेगळी असणार, अशी साखळी पोराच्या डोक्यात आपोआप सुरू होते.

वाडियांनी तिथं चौदा वर्षं शिकवलं.

पुस्तक नव्हतं म्हणून पुस्तक लिहिलं

शिकवताना त्यांची एक अडचण कायम होती. पोरांच्या हातात द्यायला पुस्तकच नव्हतं.

इंग्रजी पाठ्यपुस्तकं होती, पण त्यांतली उदाहरणं इंग्लंड-स्कॉटलंडची. भारताबद्दलची माहिती होती, पण ती जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या जाडजूड खंडांत विखुरलेली.

आपल्या मावळाचंच घ्या. दख्खनच्या या पायऱ्या-पायऱ्यांच्या डोंगरांवर कर्नल साइक्स या कंपनीच्या अधिकाऱ्यानं १८३० च्या दशकात लंडनमध्ये निबंध मांडला होता. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली, डोंगर कापले गेले, आतले थर उघडे पडले. त्याच दशकात विल्यम ब्लॅनफर्डनं दख्खनच्या लाव्हावर सविस्तर काम केलं. या खडकांना डेक्कन ट्रॅप म्हणतात, आणि ट्रॅप हा शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. हे सगळं ज्ञान आपल्या घरामागच्या डोंगराचं. पण पुण्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याला ते वाचायचं म्हटलं तर इतके खंड तो कुठून आणणार?

वाडियांनी हा सगळा माल गोळा केला, तपासला, विद्यार्थ्याला झेपेल अशा क्रमानं लावला आणि एका पुस्तकात बसवला. १९१९ मध्ये मॅकमिलननं ते छापलं. नाव होतं जिऑलॉजी ऑफ इंडिया फॉर स्टुडंट्स. लेखक जम्मूच्या एका छोट्या कॉलेजचा प्राध्यापक.

पुस्तक चाललं आणि चालतच राहिलं. वाडिया नवीन माहिती आली की ते सुधारत गेले, आवृत्त्या निघत गेल्या. भारतात जिऑलॉजी शिकलेल्या कित्येक पिढ्यांनी या विषयाशी पहिली ओळख या पुस्तकातून करून घेतली.

या पुस्तकानं विद्यार्थ्याला एक मोठी सोय दिली, तुलनेची. आपण सह्याद्रीलाही डोंगर म्हणतो आणि हिमालयालाही डोंगरच म्हणतो. पण हिमालय हा दाबानं चुरगळून वर आलेला आहे, त्याचे थर वाकलेले, उलटे-पालटे झालेले. सह्याद्रीचे थर मात्र लोहगडावरून बघा नाहीतर राजमाचीवरून, बहुतेक आडवेच. इथं घड्या पडल्या नाहीत. लाव्हाचे लोट एकावर एक रचले गेले आणि नंतर नद्यांनी-पावसानं ते कोरून काढले. लोहगड हा खरं तर कोरीवकामात शिल्लक राहिलेला तुकडा आहे.

नाव एक, जन्म दोन. हे कळायला थरांचा उतार मोजावा लागतो, नुसती डोंगराची उंची बघून भागत नाही.

मास्तर सर्व्हेत गेले

१९२१ मध्ये वाडिया जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात रुजू झाले. वय अडतीसच्या आसपास, म्हणजे नवीन नोकरीसाठी उशीरच. त्यांच्याआधीही प्रमथनाथ बोस यांच्यासारखे भारतीय तिथं होते, पण बोस लंडनला शिकून आलेले. युरोपातली पदवी नसताना या खात्यात अधिकारी म्हणून घेतलेले वाडिया हे पहिले भारतीय मानले जातात.

इथं त्यांना एक जुनं कोडं भेटलं. हिमालयाची रांग वायव्येकडं जात जात काश्मीरच्या पलीकडं पोचते आणि तिथं एकदम वळते. थरांची दिशा पार बदलते. हे का होतं? दोन वेगवेगळ्या पर्वतरांगा तिथं येऊन भिडतात की काय?

वाडियांनी पोरांना शिकवलेलीच गोष्ट स्वतः केली. चालत गेले, थर ओळखले, नकाशावर मांडले. वर्षानुवर्षं. नकाशा भरत गेला तसं दिसू लागलं की वळणाच्या अलीकडं जे थर ज्या क्रमानं आहेत, तेच पलीकडंही आहेत. म्हणजे दोन रांगा भिडलेल्या नाहीत. रांग एकच आहे, ती वाकलीय.

का वाकली? घरात करून बघता येईल. जमिनीवर सतरंजी पसरा, तिच्या एका कडेला मधोमध पाटा घट्ट धरा आणि समोरून सतरंजी पाट्याकडं ढकला. घड्या पाट्याला वळसा घालून पडतील. वाडियांचं म्हणणं होतं की भारतीय भूमीचं एक टणक टोक तिथं पुढं घुसलेलं आहे आणि हिमालयाच्या घड्या त्याच्याभोवती वळल्या आहेत. १९३१ मध्ये त्यांनी हे सविस्तर मांडलं आणि जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी त्याची दखल घेतली. भूखंडांच्या हालचालींचा आजचा प्लेट टेक्टॉनिक्सचा सिद्धांत यायला तेव्हा तीनेक दशकं बाकी होती.

पुढचा प्रवास

१९३८ मध्ये सर्व्हेतून निवृत्त झाल्यावर ते श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये, सरकारी खनिजतज्ज्ञ म्हणून गेले. १९४४ मध्ये परत आले ते भारत सरकारचे भूशास्त्र सल्लागार म्हणून. स्वातंत्र्यानंतर देशाला अणुऊर्जेसाठी युरेनियम शोधायचं होतं. अणुऊर्जा आयोगाच्या कच्च्या खनिजांच्या विभागाची धुरा १९४९ मध्ये वाडियांकडं आली.

१९५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यांना फेलो केलं. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय भूशास्त्रज्ञ. १९५८ मध्ये पद्मभूषण. १९६३ मध्ये राष्ट्रीय प्राध्यापक. १९६४ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषद भरली, तिचे अध्यक्ष तेच. हिमालयाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था हवी हा त्यांचा ध्यास होता. १९६८ मध्ये ती दिल्लीत सुरू झाली. पुढच्याच वर्षी, १५ जून १९६९ रोजी वाडिया गेले. संस्था नंतर डेहराडूनला हलली आणि आज ती वाडिया इन्स्टिट्यूट ऑफ हिमालयन जिऑलॉजी म्हणून ओळखली जाते.

पुस्तक जुनं झालं, पद्धत नाही

आज वाडियांच्या पुस्तकातल्या कित्येक गोष्टी जुन्या झाल्यात. दख्खनचा लाव्हा नेमका कधी आला, यावर त्यांच्या काळात वाद होता. लोटांच्या मधल्या गाळात सापडणाऱ्या जीवाश्मांवरून अंदाज बांधले जायचे. बिरबल साहनींसारखे वनस्पतींचे जाणकार एक सांगायचे, प्राण्यांचे जीवाश्म बघणारे दुसरं. नंतर किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून वय काढण्याचं तंत्र आलं आणि उत्तर मिळालं, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. म्हणजे डायनासोर संपले त्याच सुमाराचं. आता नवा वाद आहे की डायनासोरांच्या अंतात या लाव्हाचा वाटा किती आणि अशनीचा किती.

या संशोधनात आपलं मावळ जगाच्या नकाशावर आहे. सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांचे शास्त्रज्ञांनी गट पाडलेत, त्यातल्या एका गटाचं नाव लोणावळा आहे आणि त्यातल्या एका थरसमूहाचं नाव खंडाळा.

पण घाटात उभ्या असलेल्या पोरानं थर वाचायला शिकणं हे फक्त परीक्षेपुरतं नाही. जुलै २०१४ मध्ये आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गाडलं गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी. एक्सप्रेस वेवर आडोशी बोगद्याजवळ दरड आल्याच्या बातम्या आपण वाचतोच. भेगाळलेला कातळ, त्याखालचा कुजलेला मऊ थर, वरून मुरणारं पाणी, उतारावर केलेली खोदाई. कुठल्या वाडीवरचा डोंगर धोक्याचा आहे हे सांगताना यातलं काय कुठं आहे ते जागेवर जाऊन बघावं लागतं.

असं बघणारी माणसं कॉलेजातच घडतात. घाटात सरांनी विचारलं की समोर काय दिसतंय आणि पोरानं पाठ केलेलं नाव न सांगता वही काढून तांबड्या पट्ट्याची जाडी मोजायला घेतली, तर जम्मूच्या टेकड्यांवर वाडियांनी सुरू केलेला वर्ग अजून चालू आहे असं म्हणायला हरकत नाही.